आत एकाच बाईला सोडतात

सोलापूर
१७ एप्रिल २०२१

विहीणबाई चन्नम्मा यांना गुरम्माचं शरणु शरणार्थी.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही. मी हितनं घसा फोडायचा आणि तुम्ही तितनं "व्हय व्हय, जेवले" म्हणायचं, असलं बोलणं आपण लई केलं. म्हणून लिहिते. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लागेल तसं लावून घ्या. अंगणवाडीची रजिस्टरं भरून तुमचं अक्षर मोत्यासारखं झालंय, ते सगळ्या सोयऱ्यांना माहीत आहे.

हे पत्र सिद्धेश्वरीच्या हाती पडू देऊ नका. तिला आठवा चाललाय. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीला ही बातमी कळली तर काय होईल ते तुम्हीच जाणा.

धनूला ताप आला. तीन दिवस अंग भट्टीसारखं, चौथ्या दिवशी धाप लागली. तपासणीत तेच निघालं. छातीत उतरलंय म्हणाले. परवा गुरुवारी लेकरांच्या वॉर्डात भरती केली. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आहे. जिवाला धोका आहे का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले आठ-दहा दिवस काही सांगता येत नाही, नळी नाकातनं निघता कामा नये एवढं सांभाळा.

सुनेबरोबर ह्या खेपेला मी धनूला मंगळवेढ्याला धाडलं नाही, म्हणून तुम्ही मनात काय म्हणत असाल ते मला हितं ऐकू येतं. माझे कान चांगले आहेत. गेल्या साली लॉकडाऊन म्हणून तुम्ही चार महिने तिला ठेवून घेतलं. परत आली तेव्हा माझ्या हातची भाकरी तिला जाड लागायला लागली. म्हणून ह्या वर्षी ठेवून घेतली. ठेवून घेतली ती माझी नात म्हणून, ताप यावा म्हणून नाही.

हितला नियम असा. लेकराजवळ एकच माणूस. ते बाईमाणूसच पाहिजे, कारण रात्री वॉर्डात सगळ्या आया खाली झोपतात. एकदा आत गेली की लेकराला सोडेपर्यंत बाहेर यायचं नाही, बदली चालत नाही. आणि वय साठीच्या आत. अमरेश बाप असून गेटवर डबा घेऊन उभा राहतो.

आता वयाचं सांगते. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते तेव्हा अमरेशचा थोरला भाऊ पोटात होता. पण आधार काढताना मशीनवरच्या बाईनं विचारलं, जन्मतारीख? म्हणलं, लिही तुझ्या मनानं. तिनं लिहिली एक जानेवारी चौसष्ट. म्हणजे दुष्काळात मी आठ वर्षांची, पोटात लेकरू घेऊन. तुमची तारीख शाळेच्या दाखल्यातली, अस्सल. मार्चमध्ये साठीच्या वरची म्हणून तुम्हाला लस आधी टोचली आणि मला महिनाभर थांबवलं, तेव्हा मी गप्प बसले की नाही? आता कागद माझ्या बाजूनं बोलला. तुमचं वय चौसष्ट, माझं सत्तावन्न. मी आत आहे.

वॉर्डात कॅमेऱ्याच्या फोनला बंदी आहे. कुणीतरी लेकरांचे फोटो काढून गावभर फिरवले म्हणून. पत्र बाहेर जाताना नागूबाई, म्हणजे हितली झाडलोट करणारी मावशी, कागद दिवसभर गच्चीत उन्हात टाकते. मग अमरेश घरी त्याच्यावर इस्त्री फिरवतो आणि मल्लेशच्या दुधाच्या टेम्पोत देतो. कोपरा करपला असेल तर तो इस्त्रीनं. माझ्या बोलण्यानं नाही.

गुरम्मा


मंगळवेढा
१९ एप्रिल २०२१

गुरम्माताई यांस चन्नम्माचा नमस्कार.

पत्र मिळाले. सिद्धी झोपल्यावर वाचले. तिला सांगितले आहे की धनूला सर्दी आहे आणि घसा बसल्यामुळे ती फोनवर बोलत नाही. आईपासून लेकराचे दुखणे लपवताना जीभ जड होते. पण तुमचे म्हणणे बरोबर आहे.

एक गोष्ट मनाला लागली, ती लिहिते. मला कोणी एका शब्दाने विचारले असते, तर उभ्या पायी निघाले असते. नियम असतील, पण माणूस विचारतो तरी. जन्मल्यापासून दर उन्हाळ्याला ती माझ्या कुशीत झोपते. आज ती दवाखान्यात आणि मी घरात गहू निवडते आहे.

असो. तुम्ही जवळ आहात, हे चांगले आहे. काही गोष्टी कळवते, राग मानू नये. ती कडू औषध थुंकते. गुळाचा खडा आधी दाखवू नका, औषध गिळल्यावर द्या. उताणी झोपवली तर दचकते. डाव्या कुशीवर झोपवा.

आणि धापेमुळे तिला बोलता येत नसेल, तर तुमचा तळहात पुढे करा. मला ऐकू येत नाही म्हणून गेल्या वर्षी तिने ही रीत काढली. बोटाने एकेक अक्षर माझ्या तळव्यावर काढते. मी डोळे मिटून वाचते. शाळा बंद होती, पण तिची बाराखडी माझ्या तळहातावर पक्की झाली. पाणी पाहिजे, दुखते आहे, भीती वाटते, सगळे ती असे सांगू शकते. डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

मल्लेशबरोबर ज्वारीच्या लाह्यांचे पीठ, एक पेन्सिल आणि कोरे कागद पाठवते. तिला दोन ओळी लिहू द्या. मी वाट पाहते.

चन्नम्मा


सोलापूर
२२ एप्रिल २०२१

विहीणबाईंना शरणार्थी.

लाह्यांचं पीठ पोचलं. धनूनं दोन चमचे खाल्लं. माझ्या हातानं खाल्लं, हे लिहून ठेवते.

उभ्या पायी निघाला असता म्हणे. हितं उभं राहायला जागा कुटं आहे? चाळीस लेकरं, दोन सिस्टर. पंखा आहे तो गरम वारा फेकतो. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत अंगावर प्लास्टिकचा झगा. माझ्या कमरेत दोन बाजूनं कळा येतात, तरी मी एकदाही आई गं म्हणलं नाही. तुम्हाला कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. कागद होता.

डाव्या कुशीचं मला कळतं. सात वर्षांतली निदान पाच वर्षं दहा दहा महिने ती माझ्यापाशी असते. उन्हाळ्याचे दोन महिने तुमचे, नि त्यात तुम्ही तिच्या झोपेच्या कुशी मोजल्या. उरलेले दहा महिने शेंबूड कोण पुसतं? शाळेत कोण सोडतं? पण पाहुणीकडचं आंबट वरण पण गोड लागतं, ही लेकरांची जातच आहे. त्याचा मला राग नाही.

एक सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. हितं सिस्टर, नागूबाई आणि प्रतिक्षा मॅडम सगळ्या मला अव्वाच म्हणतात. प्रतिक्षा मॅडम म्हणजे धनूच्या डॉक्टरीणबाई, वयानं लहान, झग्यातनं नुसते डोळे दिसतात. अव्वा, पाणी पाजा. अव्वा, उठा, राऊंड आहे. लेकरू तुम्हाला जी हाक मारतं तीच हाक अख्खा वॉर्ड मला मारतो. वाईट वाटलं तर वाटू द्या.

तळहाताचं तुमचं शास्त्र हितं चालत नाही. सगळ्यांच्या हातात मोजे.

धनू आता शांत आहे. पहिले चार दिवस नळी उपसायची, आता उपसत नाही. पेन्सिल उशाखाली ठेवली आहे. पडून लिहिता येत नाही.

गुरम्मा


मंगळवेढा
२४ एप्रिल २०२१

गुरम्माताई यांस,

तीस वर्षे मी अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरे सांभाळली. रजिस्टरात वजन लिहिले, उंची लिहिली, जुलाब लिहिले. एखादे लेकरू 'शांत आहे' असे कधी लिहिले नाही. शांत लेकरू एक तर फार आजारी असते, नाहीतर घाबरलेले असते.

सात वर्षांचे पोर आहे. ताप उतरतो आहे, असे अमरेशने कळवले. मग पेन्सिल हातात का घेत नाही? ही धनू तापात भिंतीवर कोळशाने लिहिणारी. तिच्या हाताला काही झाले आहे का? सुई टोचून हात सुजला आहे का? तुम्ही नीट लिहीत नाही. तुमच्या पत्रात तुमची कंबर आहे, पंखा आहे, माझा बहिरेपणा आहे. तिचे हात कुठेच नाहीत.

आणि अव्वाचे. तिने मला अव्वा हे नाव दिले, तुम्हाला आज्जी दिले. दोन्ही चांगली नावे आहेत. माणसाने एका लेकराकडून दोन नावे कशाला घ्यावीत?

तिच्या हातचे दोन शब्द पाठवा. नाही पाठवलेत तर मी अमरेशला विचारते.

चन्नम्मा


सोलापूर
२८ एप्रिल २०२१

विहीणबाईंना शरणार्थी.

अमरेशला विचारू नका. त्याला माहीत नाही. मी सांगते, मग तुम्हाला जे करायचं ते करा.

धनूचे हात बांधले होते.

विसाव्या तारखेपासून काल संध्याकाळपर्यंत. मऊ पट्टीनं, पलंगाच्या दांडीला. जेवताना सोडायचे, परत बांधायचे. कारण ती नळी उपसायची. रात्रीतनं तीनदा उपसली, ओठ निळे पडले. दोन सिस्टर चाळीस लेकरांत कुणाकुणाचे हात धरणार? एका कागदावर सही लागते. ती मी केली. गु-र-म्मा, तीन अक्षरं.

पण खरं सांगायचं ते हे नाही. ते त्याच्या आदल्या दिवसाचं.

एकोणीस तारखेला सकाळी धनूला बोलवत नव्हतं. तिनं माझा हात ओढला आणि तळव्यावर बोट फिरवायला लागली. तुमचं पत्र तेव्हा पोचलं नव्हतं, मला ती रीत माहीत नव्हती. पण चौथी शिकलेली असले तरी अ कळतो. पुढचं पण कळलं. मी मूठ मिटली.

तिनं ते प्रतिक्षा मॅडमच्या हातावर काढलं, मोज्यावर. त्या बाईनं दोनदा काढून घेतलं, मग मला विचारलं, "ही अव्वा मागतेय. अव्वा कोण?"

मी म्हणलं, "मीच की."

एवढंच बोलले. मॅडमला वाटलं, लेकराला जे माणूस पाहिजे ते जवळच आहे, तरी ते नळी उपसतंय, म्हणजे दुसरा इलाज नाही. म्हणून हात बांधायचं ठरलं. आणि तेव्हापासून सगळा वॉर्ड मला अव्वा म्हणायला लागला. मी तुम्हाला मिरवून लिहिलं ते हेच. हाक आली की धनू तोंड भिंतीकडं करायची. मी ते बघत होते. बघून न बघितल्यासारखं करत होते.

तुम्ही म्हणाल, बाई असं का बोलली. मला स्वतःला तीन दिवस वाटत होतं की ते तोंडातनं निसटलं. निसटलं नाही. जीव मुठीत धरून मी आत बसले, मरणाच्या दारात, आणि लेकरानं नाव घेतलं ते दाराबाहेरच्या बाईचं. असं वाटलं की एकदा, फक्त एकदा, हिनं मागितलेलं माणूस मी असावं.

काल नागूबाईनं अंग पुसायला पट्ट्या सोडल्या. मनगटाला दोन्हीकडं लाल वळ होते. तुमचं पत्र माझ्या चोळीत होतं. मी उशाखालची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली, कागद पुठ्ठ्यावर धरला. तिला लई वेळ लागला. लिहिलं, ही माझी अव्वा नाही. मी तो कागद लपवला असता तर कुणाला कळलं नसतं. लपवणार पण होते. पण मॅडम राऊंडला आल्या तेव्हा तो माझ्या हातात होता आणि माझा हात मागं गेला नाही, एवढंच झालं.

त्या बाई ओरडल्या नाहीत. पट्ट्या स्वतः गुंडाळून ट्रेमध्ये टाकल्या आणि म्हणाल्या, "आजी, लेकराला विचारायचं तेवढं मी विचारलं होतं. उत्तर तुम्ही दिलंत." मग जाता जाता म्हणाल्या, चूक माझीही आहे, मी उत्तर लेकराकडनंच घ्यायला पाहिजे होतं. मला शिव्या घातल्या असत्या तर सोपं झालं असतं.

आज त्यांनी वरच्या साहेबांकडनं परवानगी काढली. तुमची लस झालेली आहे म्हणून तुम्हाला रोज अर्धा तास आत सोडतील, झगा-मोजे घालून. वयाचं त्या बघतात म्हणाल्या. धनूलाही त्यांनी सांगितलं की अव्वाला बोलावलं आहे. ते ऐकल्यापासून हात मोकळे आहेत आणि तिनं नळीला बोट लावलेलं नाही.

या. मल्लेशला सांगून ठेवलं आहे, तो सकाळी सहाला दाराशी येईल. मी हे लिहिते आहे ते दात आवळून लिहिते आहे, पण लिहिते आहे.

गुरम्मा


मंगळवेढा
१ मे २०२१

गुरम्माताई,

परवा तुमचे पत्र वाचले. तुम्हाला काय काय लिहायचे, ते मी रात्रभर ठरवले. लेकराच्या मनगटावरचे वळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तुम्ही केलेत ते फार वाईट केलेत. हे लिहायचा मला हक्क आहे, असे रात्री वाटत होते. सकाळी वाटेनासे झाले.

मी तुम्हाला लिहिले होते की मला कोणी विचारले नाही. ते खोटे होते.

पंधरा तारखेला, धनूला भरती करताना, अमरेशने मला मोबाईलवर संदेश पाठवला होता. आत्या, तुम्ही याल का? ती तुमचेच नाव घेते आहे. वयाचे मी डॉक्टरांशी बोलून बघतो. मी तासाभराने उत्तर दिले की सिद्धीला आठवा आहे, तिला सोडून येता येणार नाही. त्याने 'बरं' एवढेच लिहिले. त्याने तुम्हाला हे सांगितले नाही, त्यावरून तो किती सज्जन आहे ते कळते.

सिद्धीचे निमित्त होते. सिद्धीजवळ तिची चुलती आहे, शेजारीण आहे. मी भ्याले. माझा भाऊ ईरप्पा गेल्या ऑगस्टमध्ये असाच दवाखान्यात गेला. पिशवी खांद्याला लावून, स्वतःच्या पायांनी चालत गेला. परत दिला तो प्लास्टिकमध्ये बांधून, तोंडसुद्धा दाखवले नाही. तेव्हापासून मी दुकानाची पायरीही चढलेली नाही. भाजी दोन दिवस ओसरीत ठेवते, मग हात लावते. लोकांना वाटते, बाई सुशिक्षित, काळजी घेते.

आणि आत जाऊन बसलेल्या तुमच्यावर मी इथे बसून जळत होते. मी नाही म्हटले म्हणून ती जागा तुम्हाला मिळाली, तरी ती तुम्ही हिसकावून घेतलीत, असेच मला वाटत होते. मी तुम्हाला डावी कूस शिकवली, गूळ शिकवला. जिला आत जायचे धाडस नाही तिने बाहेरून शिकवावे, हे मला तेव्हा वावगे वाटले नाही.

आज सकाळी मल्लेश आला. हॉर्न मला ऐकू येत नाही, पण टेम्पोचा हादरा पायांना कळतो. नवी साडी नेसून बसले. नाक्यापर्यंत गेले. तिथे पांढऱ्या गाडीतून कोणाला तरी उतरवत होते. मी मल्लेशला थांबायला सांगितले आणि चालत घरी आले.

मी येऊ शकणार नाही, ताई. माझे पाय येत नाहीत.

एक मागते. धनूला सांगा की अव्वाला ताप आला आहे. मी भ्याले हे तिला कळले तर मी तिच्या मनातून उतरेन. तुम्हाला तेच पाहिजे असेल, आणि आता ते तुमच्या हातात आहे. तरीही मागते.

चन्नम्मा


सोलापूर
७ मे २०२१

विहीणबाईंना शरणार्थी.

धनूचा ऑक्सिजन निम्म्यावर आणला आहे. सोमवारी सोडतील म्हणतात. ही बातमी आधी, कारण तुम्ही पुढचं वाचायच्या आधी तीच शोधाल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? सात वर्षं मी वाट बघत होते की तुम्ही कुटं तरी उण्या पडाव्यात. लेकरू तुमच्याकडनं आलं की तुमची चटणी, तुमची गोष्ट, तुमची वेणी. माझ्या वेणीत खोट, माझ्या गोष्टीत भूत नाही. आणि आता तुम्ही नाक्यावरनं परत. मी तो कागद छातीशी धरून बसले, जशी काय लॉटरी लागली.

दुसऱ्यांदा वाचला तेव्हा तेवढा आनंद झाला नाही. भाऊ असा गेला तर कुणीही दार लावून घेईल. मी आत आले ती धाडस होतं म्हणून आले, असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. पण मी धाडसानं आले नाही. मला ठाऊक होतं, मी नाही गेले तर तुम्ही जाल. अमरेशनं आधी तुम्हाला विचारलं, हे मला ठाऊक नव्हतं. तेही आता पोटात ठेवते. त्याला त्याबद्दल काही बोलणार नाही, कारण मलाच आता बोलायला तोंड राहिलेलं नाही.

त्याला हाताचं सांगितलं. गेटच्या जाळीतनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डबा आला, त्यात फक्त धनूचं जेवण होतं. तिसऱ्या दिवशी माझी भाकरी आली. चटणी नव्हती. बरोबर आहे त्याचं.

आता तुम्ही मागितलं त्याचं.

धनू रोज विचारत होती, अव्वा कवा येणार. शनिवारी विचारलं, रविवारी विचारलं. ताप आलाय म्हणून सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्याच्या आदल्या दिवशी ती नागूबाईला काय म्हणाली ते ऐका. नागूबाई तिला पाणी पाजत होती, मोजे घालून, आणि हिनं विचारलं, "मी घाण हाय का?" तीन आठवडे झाले, तिला जे माणूस शिवतं ते प्लास्टिकमधनं शिवतं. आता तिला सांगायचं की अव्वाला ताप आला? ती म्हणणार, माझाच गेला. आणि अव्वा भ्याली म्हणून सांगायचं? ती म्हणणार, मला भ्याली. तुम्ही काहीही सांगा, सगळं फिरून तिच्यावरच येतं.

मॅडमनी बजावलं होतं की आता लेकराशी खोटं बोलायचं नाही. म्हणून जे खरं होतं त्यातलंच मी दिलं. म्हणलं, तू अव्वाला बोलावलं होतंस, ते मी कुणाला कळू दिलं नाही. मी तिला येऊ दिलं नाही.

"का?" म्हणाली.

"मला एकटीलाच तुझ्यापाशी राहायचं हुतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. आजारानं डोळे मोठे झालेत तिचे. मग म्हणाली, "तू लई वाईट हायस, आज्जी."

म्हणलं, "व्हय."

त्यानंतर आज पाच दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. औषध नागूबाईच्या हातनं घेते, गूळ पण तिच्याच हातनं. पण आज सकाळी गरम होतंय म्हणून तिनं नागूबाईला मोजा काढायला लावला आणि तिचा हात धरून झोपली. नागूबाईला तसा मोजा काढायची परवानगी नाही. तिनं काढला. मी बघितलं, कुणाला सांगितलं नाही. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते, माझा हात मोकळाच होता.

सोडल्यावर चौदा दिवस ती आमच्याकडं राहील. सिद्धेश्वरीपाशी लगेच आणायची नाही म्हणालेत. तिला आता सगळं सांगा, लेकरू बरं होतंय हे आधी सांगून. ती आई आहे, आपण दोघींनी मिळून तिला लई दिवस फसवलं. माझ्या सहीचं पण सांगा. मग अमरेश धनूला मंगळवेढ्याला घेऊन येईल. मीही येईन.

ती तुम्हाला विचारेल, अव्वा, तू का आली नाहीस. तुम्ही सांगायचं, गुरम्मानं येऊ दिलं नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, तुम्हाला खरं खरं सांगायची हुक्की येईल. येऊ देऊ नका. ते सांगून हलकं तुम्हाला वाटेल, जड तिला होईल. मोठी झाली की सांगा, तेव्हा आपण असलो तर. तोवर वाईट मी. मी ते कमावलेलं आहे.

मी हे तुमच्यासाठी करत नाही, हे ध्यानात ठेवा. तुम्ही अजून मला आवडत नाही.

टेम्पो दाराशी थांबला की ती उतरून धावत तुमच्याकडं येईल. तुम्ही मोजे घालू नका, तोंडाला पदर लावू नका, ओसरीत थांबवू नका. भीती वाटली तरी तिला पोटाशी धरा. आणि तेवढा वेळ माझ्याकडं बघू नका, विहीणबाई. मला ते बघवणार नाही, आणि मी बघितल्याशिवाय राहणार नाही.

गुरम्मा